उष्माघात : सैनिकाचा आणि आपल्या घरचा

(संघाच्या वार्षिक संमेलनात कात्रज येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे संतवाङ्मय, इतिहास किंवा समाजाची उन्नती यांपैकी एखादा विषय निवडावा असा संकेत आहे. तो बाजूस ठेवून मी आज 'उष्ण प्रदेशात सैनिकांना होणारा उष्माघात आणि त्यावरील उपचार' असा वरवर रुक्ष वाटणारा विषय घेतला आहे. हा विषय तुमच्याआमच्या घरापासून दूरचा नाही, एवढेच त्याचे समर्थन मी प्रारंभी करतो.

आपल्या संघाच्या कुटुंबांतून सैन्यात आणि पोलिसांत जाणाऱ्या मुलांची परंपरा जुनी आहे. आता तीत मुलीही सामील होत आहेत. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीने २०२२ साली मुलींना प्रथम प्रवेश दिला आणि त्या पहिल्या तुकडीतील १७ मुली ३० मे २०२५ रोजी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. भरतीची जाहिरात निघाली की कात्रजच्या घाटरस्त्याने पहाटे धावणाऱ्या तरुणांची रीघ लागते. त्यांच्या जिद्दीचे कौतुक करताना आपण त्यांना खुराक देतो, बूट घेऊन देतो, शिकवणीचे शुल्क भरतो. पण धावता धावता मुलगा भोवळ येऊन पडला, बरळू लागला, तर पहिल्या अर्ध्या तासात काय करावयाचे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे? त्या अर्ध्या तासावर त्याचे प्राण अवलंबून असतात. आजचे माझे सारे बोलणे त्या अर्ध्या तासासाठी आहे.

प्रथम या रोगाचे मर्म पाहू. आपण ज्या कात्रजमध्ये बसलो आहोत तेथील तलावांतून अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांनी शनिवारवाड्यापर्यंत बंदिस्त नळाने पाणी नेले, हे सर्वश्रुत आहे. त्या नळाच्या मार्गावर जागोजागी 'उच्छ्वास' बांधलेले होते. आत कोंडलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा ओघ अडू नये, ही त्यांची योजना. उच्छ्वास बुजले तर नळ कितीही पक्का असो, तो निकामी व्हावयाचाच. मानवी देहाचीही रचना अशीच आहे. स्नायू काम करतात तेव्हा अन्नापासून मिळालेल्या शक्तीचा सुमारे चौथा-पाचवा हिस्साच प्रत्यक्ष कामी येतो. बाकीची सारी उष्णता होते. ती बाहेर टाकण्याची दोन साधने देहाला दिलेली आहेत : त्वचेकडे धावणारे रक्त आणि त्वचेवर वाळणारा घाम. हे देहाचे उच्छ्वास होत.

थोडे गणित करू. साठ किलो वजनाच्या मनुष्याचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे ५० उष्मांक पुरतात. तो ताशी दहा किलोमीटर वेगाने धावू लागला तर तासाला साधारण ४५० उष्मांक एवढी उष्णता त्याच्या देहात निर्माण होते. ती बाहेर पडलीच नाही असे धरले, तर दर सहा-सात मिनिटांस एक अंश या गतीने देह तापत जाईल आणि अर्ध्या तासात मृत्यूच्या दारी पोचेल. आपण रोज हे पाहत नाही याचे श्रेय घामाला आहे. एक लिटर घाम पुरता वाळला म्हणजे सुमारे ५८० उष्मांक घेऊन जातो. मात्र 'वाळला म्हणजे' हे शब्द ध्यानात ठेवा. जो घाम नुसता ठिबकून जमिनीवर पडतो तो काहीच नेत नाही. म्हणूनच मे महिन्यातील पुण्याच्या कोरड्या उन्हापेक्षा पावसाच्या तोंडावरची ढगाळ, दमट सकाळ धावणाऱ्यास अधिक घातक ठरू शकते. ऊन दिसत नाही म्हणून आपण निर्धास्त राहतो, आणि घात तेथेच होतो.

सैनिकावर हे संकट विशेष का ओढवते? सामान्य मनुष्यास उन्हाचा त्रास झाला तर तो झाडाखाली बसतो. सैनिकास बसता येत नाही. त्याच्या पाठीवर ओझे, अंगावर जाड गणवेश आणि समोर हुकूम असतो. इतिहासात याची उदाहरणे विपुल आहेत. १८५८ सालच्या ७ मे रोजी कूंच येथे तात्या टोपे व झाशीच्या राणीसाहेब यांच्या सैन्याशी लढताना इंग्रजांचा सेनापती सर ह्यू रोज यास लढाईच्या ऐन भरात उन्हाने अनेकदा घोड्यावरून उतरावे लागले. अंगावर गार पाणी ओतून घेऊन तो पुन्हा घोड्यावर बसला. त्याचे कित्येक गोरे शिपाई मात्र त्या दिवशी गोळीने नव्हे तर उन्हाने पडले.

दुसरे उदाहरण पुण्याशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, जी सहावी डिव्हिजन गेली ती 'पूना डिव्हिजन' या नावाने ओळखली जात असे. तीत मराठा पलटणीही होत्या. कूतच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० लोकांस शरण जावे लागले आणि आधीच उपासाने खंगलेल्या त्या शिपायांना ऐन उन्हाळ्यात वाळवंटातून चालविण्यात आले. त्या वाटेवर कितीतरी जणांनी देह ठेवला. पुढच्या वर्षी, १९१७ च्या जुलैत, रमादीवर केलेली पहिली चढाई फसली. त्या चढाईत कामास न आलेल्या वा जायबंदी झालेल्या ५६६ जणांपैकी ३२१ जण केवळ उष्णतेचे बळी होते. शत्रूच्या तोफांहून सूर्य भारी ठरला.

त्या काळच्या वैद्यकात या रोगाविषयी एक मोठा गैरसमज होता. सूर्याचे किरण डोक्यातून व पाठीच्या कण्यातून आत शिरून मेंदूस इजा करतात, अशी समजूत असल्यामुळे सैनिकांच्या डोक्यावर जाड टोप आणि पाठीवर कापसाची गादी बांधीत. कल्पना अशी की किरण अडले म्हणजे रोग अडला. प्रत्यक्षात ती गादी घाम वाळू देत नसे. रोगावरील उपाय स्वतःच रोगास हातभार लावीत होता! मेसोपोटेमियातील अनुभवाने वैद्यांचे डोळे उघडले. सर विल्यम विल्कॉक्स हे त्या फौजेचे सल्लागार वैद्य होते. तेथे उष्माघातासाठी खास केंद्रे उघडण्यात आली आणि त्यांत बर्फ, गार पाणी, ओल्या चादरी व पंखे यांची सिद्धता ठेवण्यात आली. रोग्यास औषध पाजण्यापेक्षा त्याचा देह थंड करणे हाच खरा उपचार, हे सूत्र तेथे रणभूमीवर सिद्ध झाले. शंभर वर्षांच्या संशोधनाने त्यात पुष्कळ भर घातली, परंतु ते सूत्र बदललेले नाही.

आता लक्षणांकडे वळू. उष्णतेच्या विकाराच्या पायऱ्या असतात. पोटरीत किंवा पोटात पेटके येणे ही सौम्य पायरी. डोके दुखणे, मळमळणे, गळून जाणे, उभे राहता न येणे ही दुसरी. या अवस्थेत मनुष्य थकलेला असतो, पण त्याचे भान शाबूत असते. सावलीत आडवे केले, पाय उंचावले, गार पाणी व मीठ-साखरेचे सरबत दिले की तो बहुधा सावरतो. तिसरी पायरी उष्माघाताची. देहाच्या आतील तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर जाते आणि मेंदूचे कार्य बिघडते. मुलगा चिडतो, असंबद्ध बोलतो, झोकांड्या देतो, उलट्या दिशेला धावू लागतो, त्यास आकडी येते किंवा तो बेशुद्ध पडतो. ओळखण्याची खूण सोपी आहे. त्याला नाव, गाव आणि आजचा वार विचारा, चार पावले सरळ चालावयास सांगा. उत्तर चुकले किंवा पाऊल वाकडे पडले तर तो उष्माघात समजूनच हालचाल करा.

येथे दोन भ्रम दूर केले पाहिजेत. उष्माघातात त्वचा कोरडी ठणठणीत असते, असे आपण वाचलेले असते. घरात बसलेल्या वृद्धांच्या बाबतीत ते पुष्कळदा खरे असते. परंतु धावून पडलेला तरुण घामाने निथळत असतानाही त्याला उष्माघात झालेला असू शकतो. घाम आहे म्हणून धोका नाही, असे मानू नये. दुसरा भ्रम काखेतील तापमापकाचा. घामाने ओल्या काखेत किंवा तोंडात धरलेला तापमापक खरे तापमान दाखवीत नाही. अशा वेळी गुदमार्गाने घेतलेले तापमानच विश्वसनीय असते. ती सोय नसेल तर आकड्याची वाट पाहत बसू नये, लक्षणांवर भिस्त ठेवावी.

आणि उपचार? 'आधी थंड करा, मग हलवा' हे पाच शब्द प्रत्येकाने पाठ करावेत. आपला स्वभाव असा की कोणी पडले की चार जण त्यास उचलून रिक्षात घालतात आणि रुग्णालयाकडे धाव घेतात. दुसऱ्या पुष्कळ रोगांत ते योग्य असेल. उष्माघातात मात्र रस्त्यावर गेलेली वीस-पंचवीस मिनिटे म्हणजे भट्टीवर ठेवलेले भांडे तसेच ठेवून विस्तव विझवणाऱ्यास शोधावयास जाण्यासारखे आहे. जितका वेळ देह तापलेला राहील तितकी मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि स्नायू यांची हानी वाढत जाते. तेव्हा एकाने १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि इतरांनी त्याच क्षणी थंड करण्यास आरंभ करावा.

सर्वांत प्रभावी उपाय म्हणजे रोग्यास बर्फ घातलेल्या पाण्यात मानेपर्यंत बुडवून ठेवणे. मोठे टब किंवा जनावरांची डोणी असेल तर उत्तम. काखेखालून चादर घालून एकाने त्याचे डोके पाण्यावर धरावे आणि दुसऱ्याने पाणी ढवळत राहावे, म्हणजे अंगालगतचे पाणी तापून राहणार नाही. या रीतीने मिनिटास साधारण ०.२ अंश तापमान उतरते. म्हणजे ४२ वरून ३९ वर येण्यास पंधरा मिनिटे पुरतात. टब नसल्यास आपल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या घरी असलेली ताडपत्री आणा. रोग्यास तीवर निजवून चौघा-सहा जणांनी कडा उचलून धराव्यात, खोलगट भागात पाणी व बर्फ ओतावे आणि ताडपत्री झोळीसारखी हलवीत राहावे. आज ही पद्धत सैन्यात आणि क्रीडावैद्यकातही वापरली जाते. तेही साधत नसेल तर कपडे उतरवून सर्वांगावर बादल्यांनी गार पाणी ओतीत राहावे, ओल्या चादरी वरचेवर बदलाव्यात आणि जोराने वारा घालावा. केवळ कपाळावर ओली घडी ठेवून उष्माघात उतरत नाही. गुदमार्गाचे तापमान ३९ अंशांच्या आसपास आले किंवा रोगी नीट भानावर येऊन कुडकुडू लागला की पाण्यातून बाहेर काढून पुढे रुग्णालयात न्यावे.

माझ्या मातृभगिनींच्या मनात या ठिकाणी शंका आली असेल. घामाघूम झालेल्या अंगावर एकदम गार पाणी घालू नये, असे आपल्या घरोघरी वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत. त्या शिकवणीचा अनादर मी करीत नाही. शेतातून दमून आलेल्या, शुद्धीवर असलेल्या माणसाने जरा टेकावे, मग पाणी घ्यावे, यात वावगे काही नाही. पण मेंदूच होरपळत असताना तो नियम लागू करणे म्हणजे घर पेटले असता भिंती ओल्या होतील म्हणून पाणी न मारणे होय. गार पाण्याने त्वचेच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतील आणि उष्णता आतच कोंडेल, असा आक्षेप काही वैद्यही घेत असत. अनुभवाने तो खोटा ठरविला. अमेरिकेतील फाल्मथ येथे दरवर्षी ऑगस्टात होणाऱ्या धावेत अठरा वर्षांत उष्माघात झालेल्या २७४ जणांना जागीच बर्फाच्या पाण्यात बुडविण्यात आले, आणि त्यांपैकी एकही दगावला नाही. तत्काळ उपचार मिळाल्यास या रोगाने मृत्यू येण्याचे कारण नाही, याहून मोठा दिलासा कोणता?

काय करू नये, हेही सांगतो. तापावरची गोळी देऊ नये. साध्या तापात मेंदूतील नियामकच तापमान वर चढवितो आणि गोळी त्या नियामकास खाली आणते. उष्माघातात नियामक बिचारा निरुपाय झालेला असतो, उच्छ्वासच बुजलेले असतात. तेथे गोळीचा उपयोग शून्य, आणि यकृत व रक्त यांवर ताण मात्र पडतो. भान नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये. ते श्वासनलिकेत जाईल. उलटी होत असल्यास कुशीवर वळवावे. कांदा हुंगविणे, चप्पल नाकाशी धरणे यांत मोलाची मिनिटे दवडू नयेत. शुद्ध आली की 'आता बरा आहे' म्हणून घरीही नेऊ नये. यकृताची व मूत्रपिंडांची इजा कित्येकदा एक-दोन दिवसांनी उघड होते. लघवी कोऱ्या चहासारखी होणे ही धोक्याची खूण आहे. अशा मुलाने पुन्हा मैदानात उतरावयाचे ते वैद्याच्या अनुज्ञेनेच आणि क्रमाक्रमाने.

आता प्रतिबंध. देह उष्णतेस सरावतो, ही निसर्गाची मोठी कृपा आहे. रोज थोडा थोडा श्रम उन्हात वाढवीत नेला तर दहा ते चौदा दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक येतो, त्यातून मीठ कमी जाते आणि रक्तातील द्रव वाढून हृदयाचा भार हलका होतो. हा सराव तीन-चार आठवडे सोडला की ओसरतो. म्हणून थंड प्रदेशातून वाळवंटात आलेल्या पलटणीस पहिल्या दिवसापासून पूर्ण कवायत देत नाहीत. आपली मुले मात्र वर्षभर खुर्चीवर अभ्यास करतात आणि जाहिरात निघताच पहिल्याच आठवड्यात घाट चढतात!

हवेचा धोका मोजण्याची रीतही सैन्यानेच दिली. १९५० च्या दशकात अमेरिकन नौसैनिकांच्या पॅरिस आयलंड या शिक्षणतळावर रंगरूट वरचेवर उष्माघाताने पडू लागले, तेव्हा एक निर्देशांक ठरविण्यात आला. त्यात ओल्या तापमापकाच्या वाचनास सात दशांश, काळ्या गोलातील तापमापकास दोन दशांश आणि साध्या तापमापकास केवळ एक दशांश वजन दिलेले आहे. दमटपणास त्यांनी किती महत्त्व दिले ते यावरून दिसेल. निर्देशांक चढेल तसे मैदानावर निरनिराळ्या रंगांचे निशाण लागते आणि काळे निशाण लागले की कवायत बंद.

पाण्याविषयी एके काळी सैन्यात असा समज होता की शिपायास तहान सोसण्याची सवय लावता येते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वाळवंटात केलेल्या प्रयोगांनी तो निराधार ठरविला. तहान सोसून पाणी वाचत नाही, शिपाई मात्र लवकर कोसळतो. परंतु अतिरेक दुसऱ्या बाजूसही नको. नुसते पाणी बेसुमार प्यायल्याने रक्तातील मीठ उतरून मेंदूस सूज येते आणि तेही प्राणघातक ठरते. असे मृत्यू घडल्यावर अमेरिकन सैन्याने १९९८ साली नियम बदलला व ताशी सुमारे १.४ लिटर आणि दिवसास सुमारे ११ लिटर ही कमाल मर्यादा घातली. आपल्या घरचे ताक, कैरीचे पन्हे, लिंबू-मिठाचे सरबत आणि वेळेवर जेवण यांत पाणी व मीठ दोन्हींची भरपाई होते. मिठाच्या गोळ्या घेण्याचे कारण नाही.

भरतीची धाव पुष्कळदा १६०० मीटरची असते. एवढी लहान धाव एकटी सहसा घात करीत नाही. घात करतात तिच्याआधीचे तास. रात्रभरचा प्रवास, पदपथावर काढलेली झोप, रिकामे पोट, रांगेत डोक्यावर आलेले ऊन, अंगातला लपविलेला ताप किंवा जुलाब, आणि जोम यावा म्हणून कोणीतरी दिलेले उत्तेजक पेय. वजन उतरविण्यासाठी प्लॅस्टिकचा अंगरखा घालून धावणारे तरुणही असतात. तो अंगरखा म्हणजे मेसोपोटेमियातील पाठीच्या गादीचा नवा अवतार होय. झारखंडात २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात उत्पादनशुल्क शिपायांच्या भरतीच्या धावेत दहाहून अधिक उमेदवार दगावले. कारणांविषयी वाद झाला, पण आईबापांचे दुःख वादातीत आहे. उन्हाचा घाला केवळ धावणाऱ्यावरच पडतो असेही नाही. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे मोकळ्या मैदानावर भरलेल्या समारंभानंतर १४ जण उष्माघाताने मृत्युमुखी पडले. ते केवळ श्रोते होते.

आणखी एक गोष्ट सैन्यातील वैद्य नेहमी पाहतात. उष्माघाताने पडणारा शिपाई बहुधा आळशी नसतो. तो पलटणीतला सर्वांत उत्साही, हार न मानणारा मुलगा असतो. देह 'थांब' म्हणत असता त्याची जिद्द त्यास थांबू देत नाही. म्हणून थांबविण्याची जबाबदारी त्याची नव्हे, ती त्याच्या अधिकाऱ्याची आहे. चांगल्या सैन्यात उष्णतेने शिपाई पडला तर प्रथम अधिकाऱ्यास जाब विचारतात. घरात ही जबाबदारी आपली, वडीलधाऱ्यांची. 'मर्द असशील तर पुरा करशील' असे म्हणून मुलास डिवचणे सोपे आहे. 'आज अंग गरम आहे, आज नको' असे म्हणून त्यास थांबविणे हे खरे वडीलपण.

पुणेकरांचे भाग्य असे की १९४८ पासून सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय आपल्या शहरात आहे आणि सेनेचे मोठे रुग्णालयही येथेच आहे. परंतु कोणतेही महाविद्यालय आपल्या मुलाबरोबर घाटात धावणार नाही. तेथे आपणच असू. म्हणून आपल्या संघापुढे मी एक साधी सूचना ठेवतो. संघातर्फे सुटीत जे सरावाचे वर्ग चालतात त्या प्रत्येक ठिकाणी एक मोठी ताडपत्री, पाण्याचे पिंप, बर्फाची पेटी, चार चादरी आणि एक तापमापक नित्य सज्ज असावा. बर्फावाचून सराव सुरू होऊ नये. प्रत्येक वर्गात किमान चौघांनी ताडपत्रीचा प्रयोग प्रत्यक्ष करून शिकलेला असावा, आणि त्यांत घरच्या स्त्रियाही असाव्यात. आजारी मुलाने 'आज धावणार नाही' म्हटले तर त्याला कोणी हसू नये, असा दंडक असावा. या साऱ्याचा खर्च आपल्या एका सत्कारसमारंभातील हारतुऱ्यांहून अधिक होणार नाही.

आपली मुले देशासाठी प्राण वेचण्याची सिद्धता करीत आहेत. तो प्राण सरावाच्या मैदानावर, बादलीभर पाण्याअभावी जाऊ नये, एवढी दक्षता घेणे हे आपले कर्तव्य आहे. अध्यक्ष महाशयांनी माझ्या सूचनेचा विचार कार्यकारी मंडळात करावा अशी नम्र विनंती करतो.